मापं

फाट्यावर उतरला तेव्हा पाऊस उघडला होता.
पाठीवर सॅक, हातात छत्री, वय एकोणीस.
चहावाल्यानं विचारलं, कुठल्या देशाचा?
तो म्हणाला, याच. मिझोराम.
चहावाला म्हणाला, असेल की,
आणि परदेशी पाहुण्याला द्यावी तशी
कपाखाली बशी दिली.

नाव लालरामदिना.
नेमाण्णा चपलेचं रबर कापता कापता थांबला:
लाल, राम, दिना,
एकाच पोराला तीन माणसांची नावं?
मग आम्ही मधलं ठेवलं.

मिशनच्या पत्रात होतं, एक आठवडा, सेवा.
सेवा म्हणजे काय ते पत्रात नव्हतं.
ते मी दाखवलं: बादली, कोमट पाणी, वजरी, तेल.
जखमेच्या कडेचं मेलेलं कातडं कसं काढायचं
आणि काढताना आपलं तोंड कसं ठेवायचं.
पहिल्या दिवशी तो मागच्या पायरीवर जाऊन ओकला.
परत आला, हात धुतले, पुढचा पाय घेतला.
बावीस वर्षांमागं याच पायरीवर ओकून
मी खानापूरला घरी निघून गेलो होतो,
तीन दिवस आलो नव्हतो.
हे त्याला सांगितलं नाही.

त्याची एक वही होती. ऐकलेला शब्द तीत जायचा,
कुठल्या भाषेतून आला ते जायचं नाही.
बुधवारपर्यंत त्याची स्वतःची एक बोली झाली:
अज्जी, पाय नीरात ठेवा. नोवु आहे?
गंगव्वा कन्नड, शेजारच्या खाटेवरची यल्लूबाई मराठी,
नळावरच्या एका भांडणापासून दहा वर्षं अबोला.
दोघींनी एकदमच
आपापले पाय आपापल्या बादलीत घातले.

मी म्हटलं, आमच्या गावाच्या पाटीवर
कधी हे काळं फासतात, कधी ते.
मोडक्या हिंदीत सांगितलं, हसेल म्हणून.
तो हसला नाही.
म्हणाला, आमच्याकडंही एक ओढा आहे.
अलीकडं शेत, पलीकडं पोलीस.

शेवंताक्कानं कळकाच्या कोंबांची भाजी केली त्या दुपारी
तो ताटाकडं बघतच राहिला.
मग तीनदा वाढून घेतली
आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

पंचमीला आवारातल्या चिंचेला झोका बांधतात.
गंगव्वा त्याला जोकाली म्हणते.
सत्तरीची बाई, घोट्याखाली काही कळत नाही,
विस्तव कळत नाही, खिळा कळत नाही.
राम मागून ढकलत होता
आणि ती दर हेलकाव्याला वाकून बघत होती,
पाय सुटले का जमिनीवरून.
सुटले होते.
ओरडून तिनं ते सगळ्यांना सांगितलं,
यल्लूबाईलासुद्धा.

रविवारी त्यानं चार शब्द बोलायचे होते.
मी चर्चमध्ये जात नाही, दारात उभा राहतो,
चपलांची राखण असते माझ्याकडं.
त्यानं खिशातून कागद काढला, उलगडला, पुन्हा घडी केली.
बाकांकडं बघून विचारलं,
ऊटा झालं?
झालं, म्हणाली एक बाजू. आतु, म्हणाली दुसरी.
मागून कुणी तरी म्हणालं, अजून कुठलं.
तो खाली बसला.
फादर थोडा वेळ वाट बघत होते.

त्याच्या बुटाचा तळ उचकटला होता.
रात्री नेमाण्णानं त्याला उभं केलं,
जो हाताला लागला तो पेपर पायाखाली अंथरला,
डाव्याखाली कन्नड आला, उजव्याखाली मराठी,
आणि उरलेल्या दोन बोटांत पेन्सिल धरून
सावकाश भोवती फिरवली.
राम गुदगुल्यांनी हसत होता.
त्या खोलीत पायाला गुदगुल्या होणारा
बऱ्याच दिवसांनी कुणी आला होता.

मापं आम्ही खिळ्याला अडकवून ठेवतो,
वर्षानं जुळवून बघायला,
कुठलं बोट आखडलं, कुठलं गेलं.
त्याचंही तिथंच आहे, मधल्या नावानं.
नवा पेशंट आला की मापं चाळतो,
या एकापाशी थांबतो:
ह्याला तर काहीच झालेलं दिसत नाही,
हा इथं कसा?

नेमाण्णा रबरावरची नजर न काढता सांगतो,
होता की, आठवडाभर.